‘गाय आण, गाय बांध’ : चित्रकथा वाचून परभाषा शिकणाऱ्यांविषयी



आजचा विषय फलकावर वाचून काही जणांना नवल वाटलं असेल. आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस, वय सत्तरीच्या पुढं, आणि बोलणार कशावर, तर जपानी आणि कोरियन कॉमिक्सवर! पण विषय मी विचार करून घेतला आहे. हातात मोबाईल आणि डोक्यात एखादी चित्रकथा, एवढ्या भांडवलावर जपानी, कोरियन, चिनी शिकू पाहणारी मुलं-मुली आता पुण्या-मुंबईतच असतात असं नाही. नांदुऱ्यासारख्या तालुक्याच्या गावातही ती आहेत. आधी ती भाषांतर वाचतात. मग पुढचा भाग भाषांतर होऊन येईपर्यंत दम निघत नाही, म्हणून मूळ पानाकडे वळतात. मग रोज दहा शब्द, रोज एक पान, रोज पाच मिनिटं ऐकणं. वर्ग नाही, गुरुजी नाहीत, फी नाही.

यावर घरातल्या मोठ्यांच्या दोन प्रतिक्रिया असतात. पहिली, ‘हा टाइमपास आहे, कॉमिक्स वाचून कुठं भाषा येते का?’ दुसरी याच्या अगदी उलट, ‘वा, मग जपानला नोकरी लागेल!’ मला या दोन्ही प्रतिक्रिया तपासायच्या आहेत. आणि त्यानंतर त्या मुलांनाही थोडं बोलायचं आहे, कारण त्यांची पद्धत बरोबर असली तरी पूर्ण नाही, असं माझं म्हणणं आहे.

पहिला आक्षेप घेऊ. कॉमिक्समधून भाषा येते का? याचं उत्तर आपल्या घरातच आहे. गेली वीसेक वर्षं आपल्याकडची लहान मुलं दूरदर्शन संचावर डोरेमॉन आणि शिनचॅन बघत आली. मूळ जपानी चित्रकथा, पण आपल्याकडे आल्या त्या हिंदी आवाजात. परिणाम काय झाला? ज्या घरात कोणी हिंदीचा धडा दिला नाही, त्या घरातलं चार वर्षांचं पोर आईशी हिंदीतून भांडू लागलं. बांगलादेशात तर हे इतकं वाढलं, की मुलं बंगालीऐवजी हिंदी बोलू लागल्याची ओरड झाली आणि २०१३ साली तिथल्या सरकारनं डोरेमॉनचं हिंदी प्रसारण बंद केलं. म्हणजे चित्रकथेतून भाषा येते यावर एका सरकारचा एवढा विश्वास होता, की त्यांनी तिच्यावर बंदी घातली. आपण मात्र अजून विचारतो आहोत, येते का म्हणून.

आता हे घडतं कसं, ते बघू. इथं मला माझ्या विषयाकडे वळावं लागतं.

शब्दाचा अर्थ माणसाला कळतो कसा, हा प्रश्न आपल्या नैयायिकांनी आणि मीमांसकांनी फार बारकाईनं सोडवला. याला ते ‘शक्तिग्रह’ म्हणतात. विश्वनाथ पंचाननांच्या ‘न्यायसिद्धान्तमुक्तावली’त याची आठ साधनं सांगितली आहेत : व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार, वाक्यशेष, विवृती म्हणजे स्पष्टीकरण, आणि ओळखीच्या शब्दांचं सान्निध्य. आठ साधनं, बरं का. आपल्या शाळेनं त्यातली दोनच उचलली, व्याकरण आणि कोश. बाकीची सहा वाऱ्यावर सोडली. पण शास्त्रकारांनी सर्वांत श्रेष्ठ मानलं आहे ते पाचवं साधन, वृद्धव्यवहार, म्हणजे जाणत्या माणसांची रोजची वागणूक.

त्यांचं उदाहरण असं. अंगणात दोन मोठी माणसं आहेत आणि एक लहान मूल आहे. एक मोठा दुसऱ्याला म्हणतो, ‘गाय आण.’ दुसरा जाऊन गाय आणतो. मूल बघतं. त्याला एवढंच कळतं, की या आवाजानंतर हे काम झालं. थोड्या वेळानं पहिला म्हणतो, ‘गाय बांध.’ मग म्हणतो, ‘घोडा आण.’ वाक्यातला एक शब्द निघाला, दुसरा आला, आणि समोरचं कामही तेवढंच बदललं. या काढघालीला शास्त्रात ‘आवाप-उद्वाप’ म्हणतात. त्यातून मूल स्वतःच ठरवतं, की गाय म्हणजे हे जनावर आणि आण म्हणजे ही क्रिया. त्याला कोणी काही शिकवलेलं नाही. त्या दोघांचं बोलणं त्याच्यासाठी नव्हतंच.

आता जपानी चित्रकथेचं पान डोळ्यांसमोर आणा. एका चौकटीत पोराचं डोकं दाराला आपटतं आणि तोंडून निघतं, ‘इताइ!’ वाचणाऱ्याला वाटू शकतं, इताइ म्हणजे दार. किंवा डोकं. किंवा अरे देवा. चार पानांनी तेच पोर सायकलवरून पडतं, गुडघा फुटतो, पुन्हा ‘इताइ’. पुढं कोणाची तरी दाढ ठणकते, तिथंही ‘इताइ’. दार गेलं, डोकं गेलं, गुडघा गेला. उरलं ते दुखणं. इताइ म्हणजे दुखतंय. कोश उघडावा लागला नाही. हे शुद्ध आवाप-उद्वाप आहे. दोन पात्रं आपसात बोलतात आणि वाचक त्या अंगणातल्या मुलासारखा बाजूला बसून बघतो. म्हणून या मुलांना मी सांगतो, तुमची पद्धत इंटरनेटवर जन्मलेली नाही. ती फार जुनी आहे आणि तिला शास्त्राचा आधार आहे.

दुसरा एक जुना वादही या मुलांनी नकळत पुन्हा उकरून काढला आहे. कुमारिल भट्टांचं मत असं, की आधी एकेका शब्दाचा अर्थ कळतो आणि मग ते अर्थ एकमेकांना जोडले जातात. याला अभिहितान्वयवाद म्हणतात. प्रभाकरांचं मत उलटं. सुटा शब्द कोणी कधी शिकतच नाही, शब्द कळतो तो वाक्यात, दुसऱ्या शब्दांशी जोडलेला असतानाच. हा अन्विताभिधानवाद. आजची जी मुलं पत्त्यांसारख्या कार्डांवर एका बाजूला जपानी शब्द आणि मागं अर्थ लिहून घोकतात, ती कुमारिलांची शिष्य. आणि जी गोष्टीतलं अख्खं वाक्य उचलून वहीत टिपतात, ती प्रभाकरांची. माझा कल प्रभाकरांकडे आहे, पण घोकंपट्टीला मी हसणार नाही. हर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं १८८५ मध्ये दाखवून दिलं, की पाठ केलेलं आपण आधी झपाट्यानं आणि मग सावकाश विसरतो, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी टिकते. मोबाईलवरची कार्डं याच तत्त्वावर चालतात. आपले पाढे आणि पाठांतर तरी वेगळं काय होतं?

आता कोणी म्हणेल, चित्रांच्या ओळीवर वाचणं हे पोरकट आणि परकं आहे. बुलढाण्याहून दीड-दोन तासांवर अजिंठा आहे. सतराव्या लेण्यात विश्वंतर जातकाची कथा भिंतीवर एकापुढं एक प्रसंगांनी रंगवलेली आहे. तोच राजपुत्र त्याच भिंतीवर पुन्हा पुन्हा येतो, राजवाड्यात, वाटेवर, वनात, आणि बघणारा डोळ्यांनी कथा वाचत पुढं सरकतो. तळकोकणात पिंगुळीला ठाकर समाजाची चित्रकथी परंपरा आहे. चित्रांची पोथी पुढं धरायची आणि तिच्यावरून गात गात कथा सांगायची. त्या परंपरेचे परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. तेव्हा चित्रकथा आपल्याला परकी नाही. पिंगुळीची एक गोष्ट मात्र ध्यानात ठेवा. तिथं चित्र एकटं नसतं, शेजारी सांगणारा माणूस असतो. याकडे मी परत येणार आहे.

आता मराठी माणसाच्या हातात जपानी पान आलं की काय होतं, ते बघू. इथं आपल्याला, आणि विशेषतः आपल्या वऱ्हाडी माणसाला, एक मोठी सवलत आहे.

जपानी माणूस घरातून निघताना म्हणतो, ‘इत्ते किमास्’. याचा शब्दशः अर्थ, ‘जाऊन येतो’. घरातून उत्तर येतं, ‘इत्ते राश्शाइ’, म्हणजे ‘जाऊन या’. इंग्रजीतून शिकणाऱ्याला हे समजवायला परिच्छेद लागतो. आपल्या आईला एक शब्द लागत नाही. ‘ताबेते मिरु’ म्हणजे खाऊन बघणं. ‘मिरु’ म्हणजे खरोखरच बघणं. ‘शिते ओकु’ म्हणजे करून ठेवणं. ‘ओकु’ म्हणजे ठेवणं. आपण खाऊन ‘बघतो’ तेव्हा डोळ्यांनी काही बघत नाही, आणि काम करून ‘ठेवतो’ तेव्हा ते फळीवर ठेवत नाही. हीच गंमत जशीच्या तशी तिकडंही आहे. क्रियापद वाक्याच्या शेवटी. प्रश्न विचारायला शेवटी ‘का’ : ‘किमास् का?’, येता का? दुजोरा मागायला शेवटी ‘ने’, जिथं आपण ‘ना’ म्हणतो.

आणि आता आपल्या भागाची गोष्ट. पुस्तकी मराठीत म्हणतात, ‘तू काय करत आहेस?’ आपण म्हणतो, ‘काय करून राह्यला?’ शाळेत या वाक्यासाठी पिढ्यान् पिढ्या पोरांनी बोलणी खाल्ली. जपानीत चालू क्रिया सांगायची रीत काय आहे? ‘शिते इरु’. ‘शिते’ म्हणजे करून, आणि ‘इरु’ म्हणजे सजीवाचं असणं, राहणं. करून राह्यला! बोलताना त्याचं आखूड ‘शितेरु’ होतं, जसं आपलं ‘करून रायला’ होतं. जे वाक्य मास्तरांनी लाल शाईनं खोडलं, तेच वाक्य जपानीचा एक मोठा दरवाजा उघडून देतं. नांदुऱ्याच्या मुलानं जपानी वाक्य आधी प्रमाण मराठीत आणि मग डोक्यात आणायची गरज नाही. सरळ वऱ्हाडीत आणावं.

हे सारखेपण म्हणजे नातं नव्हे, हे मात्र स्पष्ट सांगतो. ‘का’ आणि ‘का’ सारखे, म्हणून जपानी मराठीतून निघाली असा निष्कर्ष काढणारे लोक असतात, त्यांच्या नादी लागू नका. तो योगायोग आहे. क्रियापदांच्या जोड्यांचा विषय मात्र गंभीर आहे. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ कॉलिन मॅसिका यांनी १९७६ च्या पुस्तकात असे विशेष भारतापासून पार कोरिया-जपानपर्यंत तपासले. आपले मराठी भाषाशास्त्रज्ञ प्रशांत परदेशी यांनी तोक्योच्या राष्ट्रीय जपानी भाषा संस्थेत राहून मराठी आणि जपानी यांची तुलना केली आहे. एके ठिकाणी तर खरोखर देणंघेणंही झालं आहे. जपानी वर्णमालेचा क्रम बघा : अ इ उ ए ओ, मग क, स, त, न, ह, म, य, र, व. ओळखीचा वाटतो ना? संस्कृत मंत्र वाचण्यासाठी सिद्धम् लिपी शिकलेल्या बौद्ध भिक्षूंच्या अभ्यासातून तो क्रम तिकडं बसला. ‘ह’ची रांग ‘न’ आणि ‘म’ यांच्या मध्ये कशी, असं विचाराल तर तिचा उच्चार पूर्वी ‘प’ होता. आपल्या क्रमात ‘प’ जिथं आहे, तिथंच ती आहे.

चित्रकथेत तर आणखी एक खजिना असतो, आवाजाचे शब्द. छाती धडधडली की ‘दोकी दोकी’, वीज गडगडली की ‘गोरो गोरो’, चांदणं चमचमलं की ‘किरा किरा’, पाऊस धो धो पडला की ‘झा झा’. इंग्रजी वाचकाला हे शब्द बालिश वाटतात. ज्या भाषेत लखलख, सळसळ, कुजबुज, किणकिण आहे, तिच्या माणसाला ते घरचे वाटतात.

कोरियनमध्येही हीच सोय आहे. ‘मॉगॉ बोदा’ म्हणजे खाऊन बघणं, आणि ‘बोदा’ म्हणजे पुन्हा बघणंच. भेटल्यावर ‘जेवण झालं का?’ विचारायची रीत तिकडंही आहे. मुली ओळखीच्या मोठ्या मुलाला ‘ओप्पा’ म्हणतात, थोरलीला ‘ऑन्नी’. आपले दादा आणि ताई. लिपी तर राजा सेजोंगनं १४४६ मध्ये सामान्य माणसासाठी जाहीर केली, मूळ अक्षरं आज चोवीस. चार-सहा दिवसांत वाचता येतात. चिनीची वाट वेगळी आहे. तिथं ‘करून बघ’ म्हणताना शेवटी बघण्याचं ‘खान्’ येतं खरं, पण तिथं सूर बदलला की अर्थ बदलतो. ‘मा’ एका सुरात आई, दुसऱ्यात ताग, तिसऱ्यात घोडा, चौथ्यात शिवी देणं. कागदावरच्या चित्रातून सूर ऐकू येत नाही. म्हणून नुसत्या चित्रकथेवर चिनी शिकणाऱ्यांना माझा इशारा आहे, की कान आधी, डोळा मग.

जपानीत वाचकाला आधार देणारी एक छोटी गोष्ट आहे. तिथं सर्वसामान्य वापरासाठी ठरवलेली चित्राक्षरंच २१३६ आहेत. ती सगळी यायची कधी? पण मुलांसाठीच्या चित्रकथांत प्रत्येक अवघड अक्षराच्या बाजूला बारीक टाइपात त्याचा उच्चार छापतात. त्याला ‘फुरिगाना’ म्हणतात. मोडी कागदपत्रात शब्दाशब्दाच्या बाजूला बाळबोध लिहून दिल्यासारखं. ही शिडी जपानी मुलांसाठी बांधली होती, आणि आपली मुलंही तीच चढतात.

आता त्या मुलांना जे बोलायचं आहे ते बोलतो.

पहिलं. चित्रकथेतला नायक स्वतःला ‘ओरे’ म्हणतो आणि समोरच्याला ‘ओमाए’. दोन्ही शब्द रांगडे आहेत. खऱ्या जपानी माणसासमोर, वयानं मोठ्या माणसासमोर, ‘ओमाए’ म्हणणं म्हणजे आपल्याकडे कलेक्टरसाहेबांना ‘काय बे’ म्हणणं. तिकडं शक्यतो ‘तुम्ही’ हा शब्दच टाळतात, नाव घेऊन ‘सान’ लावतात, शिक्षकाला ‘सेन्सेइ’ म्हणतात. ओसाकाचे भाषाशास्त्रज्ञ सातोशी किन्सुइ यांनी या प्रकाराला ‘याकुवारिगो’ असं नाव दिलं, म्हणजे पात्राला नेमून दिलेली भाषा. चित्रकथेतला म्हातारा शास्त्रज्ञ एका ठरावीक ढंगात बोलतो, पण खरे म्हातारे शास्त्रज्ञ तसं बोलत नाहीत. हे आपल्याला नवीन आहे का? मराठी मालिकेत वऱ्हाडी बोलणारं पात्र आलं की ते कशासाठी आलेलं असतं? हसवण्यासाठी. आपली भाषा दुसऱ्यांच्या गोष्टीत नेमून दिलेली भाषा झाली आहे. ज्याला हे टोचतं, त्यानं जपानी खेडूत पात्राची बोली वाचतानाही सावध राहावं. ती खऱ्या खेडूताची असेलच असं नाही.

आपल्या गावाची ओळख १०५ फुटांचा मारुती आहे, म्हणून सांगतो. वाल्मीकींनी मारुतीला मोठा व्याकरणपंडित दाखवला आहे. राम त्याच्या शुद्ध बोलण्याची स्तुती करतो. पण सुंदरकांडात, अशोकवनात सीतेसमोर जाण्याआधी, तो झाडावर बसून काय विचार करतो? मी संस्कृतात बोललो तर ही मला रावण समजेल आणि घाबरेल. म्हणून तो साधी माणसांची बोली निवडतो. व्याकरण येणं ही पहिली पायरी. कोणाशी, कोणत्या घडीला, कोणती भाषा बोलायची हे कळणं ही पुढची. ती पायरी चित्रकथा शिकवत नाही, कारण चित्रकथेत तुमच्यावर कोणी रागावत नाही.

आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे. त्या अंगणातल्या मुलाकडे पुन्हा बघा. ते नुसतं बघत बसून राहिलं का? नाही. एक दिवस ते स्वतः म्हणालं, ‘गाय आण’, आणि कोणीतरी उठून गाय आणली. किंवा ते चुकून म्हणालं, ‘गाय बांध’, आणि मोठी माणसं हसली, आणि त्याला चूक कळली. वृद्धव्यवहारात बघणं हा अर्धा भाग. उत्तर मिळणं हा उरलेला अर्धा. चित्रकथेतली पात्रं एकमेकांना उत्तर देतात, वाचकाला देत नाहीत. तुम्ही दहा वर्षं वाचलं तरी त्या अंगणात तुम्ही बाजूलाच बसलेले राहता. मोबाईलवरचा सलग दिवसांचा आकडा वाढत जातो, शिकलेल्या शब्दांचा आकडा वाढत जातो, आणि तोंड मात्र उघडलेलं नसतं. परीक्षाही याला मदत करते. जपानी भाषेची जी जगभर मान्य परीक्षा आहे, १९८४ पासून चालू असलेली, २०१० पासून पाच पायऱ्यांची, पुण्यातही होते, तिच्यात बोलण्याचा भागच नाही. वाचा, ऐका, पर्याय निवडा. तोंड न उघडता सर्वांत वरची पायरी गाठता येते.

आपल्या मराठी इतिहासातली दोन माणसं बघा. गोव्यातल्या साखवाळचे धर्मानंद कोसंबी, जन्म १८७६. त्यांना बुद्धाची ओढ कशी लागली? ‘बालबोधमेवा’ नावाच्या मुलांच्या मासिकात बुद्धचरित्र वाचून. मुलांचं मासिक, मंडळी! त्या काळचं कॉमिक म्हणा हवं तर. तिथून हा माणूस घर सोडून पुण्याला, काशीला, नेपाळला आणि शेवटी श्रीलंकेत पोचला. पालीचा तो पुढं जगन्मान्य पंडित झाला. पण पाली त्यांना मासिकानं दिली नाही. मासिकानं ओढ दिली. पाली मिळाली ती कोलंबोच्या विद्योदय परिवेणात, जाणत्या भिक्षूंच्या शेजारी बसून. दुसरे सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस. १९३८ मध्ये वैद्यकीय पथकातून चीनला गेले, १९४२ मध्ये तिथंच वारले. एवढ्या चार वर्षांत ते चिनी बोलू लागले आणि चिनी विद्यार्थ्यांना शिकवू लागले. रोजचा व्यवहार म्हणजे काय, तर जखमी सैनिकाला ‘कुठं दुखतंय?’ विचारायचं आणि उत्तर समजून घ्यायचं. ‘इताइ’च्या चौकटीचाच प्रसंग, पण समोर जिवंत माणूस. आणि उलट दिशेचं उदाहरण हवं असेल तर नागपूरचे भदन्त सुरई ससाई आहेत. जपानहून आले, इथल्या वस्त्यांत राहिले, आणि हिंदीतून लोकांशी बोलू लागले. वस्तीनं त्यांना उत्तर दिलं म्हणून.

आता दुसरी प्रतिक्रिया, ‘याचा उपयोग काय?’ नोकरीचा विचार करणं वाईट नाही. आपल्याकडच्या पोरांना पोट आहे. पण खरं ते सांगावं. पहिल्या पायरीचं प्रमाणपत्र म्हणजे नोकरी नव्हे. दुभाषी म्हणून काम करायला वरच्या पायऱ्या लागतात आणि त्याला वर्षं जातात. ‘काही महिन्यांत जपान’ अशा जाहिराती दिसल्या की पैसे भरण्याआधी चार ठिकाणी चौकशी करा. आणि तत्त्वाची गोष्ट अशी. भाषा शिकणं म्हणजे शेकडो छोट्या, फळ न दिसणाऱ्या दिवसांची रांग. नोकरी त्या रांगेच्या शेवटी उभी असते. ती मधल्या दिवसांना खायला घालू शकत नाही. गोष्ट मात्र रोज देते. आज एक चौकट जास्त कळली, आज पात्र का रडलं ते भाषांतराशिवाय समजलं, हे त्या दिवसाचं वेतन. म्हणून जो उपयोगासाठी सुरू करतो तो बहुधा मध्येच थांबतो, आणि जो पुढं काय झालं या ओढीनं सुरू करतो तो चालत राहतो. आपण ज्याला टाइमपास म्हणतो, तेच इथं इंधन आहे. २०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात शिकवण्याच्या परदेशी भाषांत जपानी आणि कोरियनची नावं आली, चिनीचं आलं नाही. पण गोष्टीत रंगलेलं मूल धोरणाची यादी बघून भाषा निवडत नाही.

शेवटचा मुद्दा आपल्या मराठीचा. या मुलांच्या निमित्तानं मला एक उलटा प्रश्न पडतो. समजा एखाद्या जपानी मुलीला मराठी शिकायची आहे, तीही अशीच, चित्रकथा वाचून. आपण तिच्या हातात काय देणार? ‘चिंटू’ देता येईल. १९९१ पासून वर्तमानपत्रात आलेली, घरातल्या साध्या बोलण्याची ती चित्रमालिका या कामाला उत्तम आहे. अमर चित्र कथेची मराठी रूपं देता येतील, पण त्यातली भाषा दरबारी. ‘किशोर’ मासिक देता येईल. आणि मग? आमच्या नांदुऱ्याच्या बाजारात माणसं बोलतात तशी मराठी तिला कुठल्या चित्रात वाचायला मिळणार? जपाननं आपल्या मुलांसाठी शिड्या बांधल्या, म्हणून त्यांवरून जग वर चढलं. आपण आपल्या मुलांसाठी बांधल्या नाहीत, तर परकं कोणी यावं कशावरून? आणि आपलीच मुलं उद्या मराठी वाचणार कशावरून?

म्हणून दोन कामं सांगतो आणि थांबतो. दोन्हींना पैसा लागत नाही. पहिलं, जी मुलं एकेकटी मोबाईलवर शिकत आहेत, त्यांनी आठवड्यातून एकदा वाचनालयात एका टेबलाभोवती बसावं. येणारी भाषा मोडकी असू द्या. एकानं ‘गाय आण’ म्हणावं, दुसऱ्यानं आणावी. एवढ्यानं त्यांना चित्रात नसलेलं उत्तर मिळू लागेल. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटसारख्या, टिळक महाराष्ट्र विद्यापीठासारख्या ठिकाणी जपानी शिकवण्याची जुनी परंपरा आहे. गावातलं कोणी तिथं शिकत असेल तर सुट्टीत त्याला किंवा तिला त्या टेबलाशी बसवा. दुसरं काम, ज्यांचा हात चित्रांवर चालतो त्यांनी आपल्या बोलीत चार-चार चौकटी काढाव्यात. स्टेशनवरच्या, कापसाच्या हंगामातल्या, शाळेतल्या. त्यात माणसं ‘काय करून राह्यला?’ असंच विचारू द्या, आणि ते हसण्यासाठी नसू द्या.

आणि घरातल्या मोठ्यांना एवढीच विनंती, की पोरगं संध्याकाळी निघताना ‘इत्ते किमास्’ म्हणालं तर ‘काय हे नवीन?’ म्हणून झटकू नका. त्याचा अर्थ तुम्हाला आता माहीत आहे. ‘जाऊन ये’ म्हणा.